दोन लाख फूट फिल्म आणि एकही चित्रपट नाही: आयझेनस्टाईनचं मेक्सिको प्रकरण

सोव्हिएत दिग्दर्शक सर्गेई आयझेनस्टाईनचा मेक्सिकोतला चित्रपट का अपुरा राहिला, याची दोन उत्तरं वर्षानुवर्षं फिरत आली आहेत. एका गटाच्या मते अमेरिकन लेखक अप्टन सिंक्लेअरने एका प्रतिभावंताचा गळा घोटला. दुसरा गट म्हणतो, दिग्दर्शकच उधळ्या होता आणि त्याला आवरायला कुणी नव्हतं. दोन्हींत थोडं थोडं तथ्य आहे. पण कागदपत्रं आणि तारखा क्रमाने लावल्या की आधी नजरेत भरते ती एक साधी व्यावहारिक गोष्ट: शूट झालेली फिल्म कुणाकडे राहणार आणि कोण पाहणार, याचा विचार सुरुवातीला कुणीच नीट केला नाही. म्हणून हे प्रकरण इथे कलेच्या शोकांतिकेसारखं न मांडता निर्मितीचं प्रकरण म्हणून मांडलं आहे.

पार्श्वभूमी

आयझेनस्टाईनचा जन्म १८९८ चा, रीगाचा. ‘बॅटलशिप पोटेमकिन’ १९२५ मध्ये आला तेव्हा तो सत्ताविशीत होता, आणि त्या एका चित्रपटाने त्याचं नाव बर्लिनपासून हॉलिवूडपर्यंत पोचवलं. पुढे ‘ऑक्टोबर’ आला, मग शेतीच्या सामूहिकीकरणावरचा ‘जुनं आणि नवं’. १९२९ च्या ऑगस्टमध्ये तो छायाचित्रकार एदुआर्द तिसे आणि सहकारी ग्रिगोरी अलेक्सांद्रोव यांच्यासह देशाबाहेर पडला. बोलपटाचं नवं तंत्र शिकून यायचं, हे अधिकृत कारण.

युरोपात व्याख्यानं झाली आणि १९३० च्या वसंतात पॅरामाउंटशी करार झाला. हॉलिवूडमध्ये त्याने जे लिहिलं ते कंपनीला झेपणारं नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या शोधावरची पटकथा नापसंत झाली. थिओडोर ड्रायझरच्या ‘अॅन अमेरिकन ट्रॅजेडी’वरची पटकथा तर गुन्ह्याचा दोष समाजावर टाकते म्हणून नको झाली. भरीला एका निवृत्त मेजरने या ‘लाल’ पाहुण्याला हाकला म्हणून आरडाओरडा चालवला होता. ऑक्टोबरमध्ये करार संपला. हातात काम नाही, मॉस्कोहून मिळालेली मुदतही सरत आलेली.

या टप्प्यावर चार्ली चॅप्लिनने त्याला अप्टन सिंक्लेअरला भेटायला सुचवलं.

सिंक्लेअर म्हणजे ‘द जंगल’ लिहून शिकागोच्या कत्तलखान्यांचं वास्तव चव्हाट्यावर आणणारा समाजवादी लेखक. सोव्हिएत रशियाबद्दल त्याला आपुलकी होती, चित्रपट काढण्याचा अनुभव मात्र शून्य. पैसा त्याची पत्नी मेरी क्रेग हिच्यामार्फत उभा राहायचा होता, काही घरातून, काही ओळखीच्या श्रीमंत मंडळींकडून.

करार: पहिला आणि सगळ्यात महागात पडलेला निर्णय

२४ नोव्हेंबर १९३० रोजी करार झाला. रक्कम किमान २५,००० डॉलर, मुदत तीन ते चार महिने. चित्रपट राजकीय नसावा. आयझेनस्टाईनने तो आपल्या कल्पनेप्रमाणे करावा, त्याला पूर्ण मोकळीक. मूळ गुंतवणूक वसूल झाल्यावर त्याला दहा टक्के. आणि शूट झालेली सगळी फिल्म, निगेटिव्ह आणि पॉझिटिव्ह, मिसेस सिंक्लेअरच्या मालकीची. सोव्हिएत संघात चित्रपट दाखवण्याचा हक्क नंतर जोडला गेला.

वरवर पाहता करार उदार आहे. त्या काळात हॉलिवूडच्या कुठल्या निर्मात्याने दिग्दर्शकाला ‘तुझ्या मनाप्रमाणे कर’ असं लिहून दिलं असतं? पण त्यात काय नाही ते पाहा. पटकथा नाही. चित्रपटाची लांबी नाही. तीन-चार महिन्यांत काम झालं नाही तर काय, याचं उत्तर नाही. आणि संकलन कुठे, कुणी आणि किती दिवसांत करायचं, याची ठोस तरतूद नाही.

हे शेवटचं कलम नसणं कुणालाही खटकायला हवं होतं, आयझेनस्टाईनला तर सगळ्यात आधी. दोन तुकडे शेजारी ठेवले की तिसराच अर्थ जन्मतो, हा सिद्धान्त ज्याने लिहिला आणि पडद्यावर करून दाखवला, त्याच्यासाठी शूटिंग म्हणजे निम्मंसुद्धा काम नव्हतं. त्याचा चित्रपट संकलनाच्या टेबलावर तयार होई. त्याच माणसाने तुकडे दुसऱ्याच्या मालकीचे असतील या अटीवर सही केली.

त्या दिवशी त्याच्यापुढे तसे पर्याय होते. जपानमार्गे मायदेशी परतणं हा एक. त्याला जपानी नाटकाचं आणि लिपीचं जुनं वेड होतं, त्यामुळे हा विचार नुसता तोंडदेखला नव्हता. दुसऱ्या स्टुडिओचं दार ठोठावणं हा दुसरा, पण पॅरामाउंटने काढलेल्या रशियनाला लगेच कोण उभं करणार? तिसरा म्हणजे हा करार, पण आधी पटकथा लिहून आणि संकलनाचं कलम घालून. त्याला दोन-तीन आठवडे लागले असते. तेवढी उसंत नव्हती, कारण अमेरिकेत राहण्याचा परवाना संपत होता. माझ्या मते खरी अडवणूक व्हिसाची होती, पैशाची नंतर. घाईत सही करणारा माणूस वाईट कलमं पाहत नाही असं नाही, पाहतो आणि पुढे बघू म्हणतो.

मेव्हण्याची नेमणूक

गुंतवणूकदारांच्या वतीने हिशेब ठेवायला मेरी क्रेगचा भाऊ हंटर किंब्रो याला मेक्सिकोला पाठवलं गेलं. त्याचा पूर्वीचा व्यवसाय रोखे विकण्याचा. चित्रपटाशी संबंध नाही, स्पॅनिश नाही, आणि अमेरिकेच्या दक्षिणेतल्या सनातनी घरातलं वळण. तो लबाड नव्हता. पैसे उडू नयेत ही त्याची चिंता प्रामाणिक होती. पण ढग हटायची वाट पाहत अख्खी युनिट बसली आहे हे काम आहे की आळस, हे ओळखण्याचं साधन त्याच्याकडे नव्हतं. आणि आयझेनस्टाईनला त्याच्याशी जुळवून घेण्याची इच्छा नव्हती. थोड्याच काळात दोघांचं बोलणं सिंक्लेअरला लिहिलेल्या तक्रारींमधून होऊ लागलं.

निर्मितीत पैसेवाल्यांचा माणूस असतोच, आपल्याकडेही असतो. तो घरचा असावा की धंद्यातला, हा प्रश्न इथे विचारलाच गेला नाही.

चित्रीकरण: चार महिन्यांचे चौदा महिने

डिसेंबर १९३० मध्ये तिघे मेक्सिकोत पोचले आणि पंधरवडाभरात अटकेतही गेले. बाहेरून तारा आल्या, सुटका झाली, आणि मग सरकारने पाहुणचारासोबत देखरेखही लावली. जानेवारीत ओआहाकाला मोठा भूकंप झाला तेव्हा ही मंडळी विमानाने तिथे पोचली आणि त्यावर एक छोटा वृत्तपट करून मोकळी झाली. ठरलं असतं तर ती झटपट काम करू शकत होती, याचा हा पुरावा.

मुख्य चित्रपटाचा आराखडा मात्र मेक्सिको पाहता पाहता वाढत गेला. सुरुवातीला प्रवासपटासारखं काहीतरी डोक्यात होतं, त्याची चार कथा, एक प्रस्तावना आणि एक उपसंहार अशी मांडणी झाली. प्रस्तावना युकातानमधल्या माया अवशेषांची, दगडी चेहऱ्यांशेजारी तसेच जिवंत चेहरे. ‘सांदुंगा’ तेवांतेपेकच्या उष्ण प्रदेशातलं लग्न. ‘फिएस्ता’ बैलझुंजीची. ‘मागेय’ क्रांतीपूर्वीचा हुकूमशहा पोर्फिरिओ दियास याच्या राजवटीतल्या वेठबिगारांची. ‘सोल्दादेरा’ क्रांतीच्या फौजांमागे चूल घेऊन चालणाऱ्या बायकांची. आणि उपसंहार मृतांच्या दिवसाचा, साखरेच्या कवट्या आणि मुखवट्यांचा.

नाव ठरलं ‘के विवा मेहिको’. आता हा आराखडा ‘राजकीय नसावा’ या कलमाशी ताडून बघा. वेठबिगार, जमीनदार, क्रांती. सिंक्लेअर स्वतः आयुष्यभर हेच लिहीत आला होता, त्यामुळे त्याला फारसं खुपलं नसावं. मेक्सिकोच्या अधिकाऱ्यांना खुपत होतं, कारण वाईट ते सगळं जुन्या राजवटीत घडलं असंच पडद्यावर दिसावं, अशी त्यांची इच्छा.

‘मागेय’चं काम इदाल्गो प्रांतातल्या तेत्लापायाक नावाच्या हासियेंदावर, म्हणजे जमीनदाराच्या मोठ्या जहागिरीवर, झालं. तिथे महिनेच्या महिने गेले. मागेय म्हणजे आपल्या घायपाताच्या कुळातली वनस्पती, तिच्या रसापासून पुल्के नावाची दारू करतात. एक वेठबिगार आपली वाग्दत्त वधू मालकाला दाखवायला नेतो, मालकाचा पाहुणा तिच्यावर अत्याचार करतो, वेठबिगार आणि त्याचे सोबती बंड करतात, पकडले जातात. खांद्यापर्यंत जमिनीत पुरलेल्या तिघांवरून घोडे नेले जातात, हे दृश्य ज्याने पाहिलं तो विसरत नाही. पावसाने काम अडत होतं. एका हौशी कलाकाराच्या हातून पिस्तूल उडून त्याची बहीण दगावली आणि काम थांबलं, कारण तो तुरुंगात. दरम्यान किंब्रोच्या पत्रांतला सूर चढत होता.

इथे या प्रकरणातला मला सगळ्यात कळीचा वाटणारा तपशील येतो. मेक्सिकोत भरवशाची लॅब नव्हती, म्हणून फिल्म धुवायला लॉस एंजेलिसला जाई. तिथे ती धुतली जाई, छापली जाई आणि प्रोजेक्टरवर चढे. पाहणारा सिंक्लेअर. रोजचं काम पडद्यावर पाहण्याची सोय मेक्सिकोतल्या दिग्दर्शकाला नव्हती. तो आणि तिसे आपण काय टिपलं हे मनात धरून पुढे जात होते. तिसेसारखा छायाचित्रकार असल्यामुळे चित्रं अप्रतिम उतरली हे खरं. पण जे बघितलेलंच नाही ते ‘पुरे झालं’ असं म्हणण्याची हिंमत कुणाला होणार? खात्री नसली की माणूस आणखी एक टेक घेतो.

आणि सिंक्लेअर काय पाहत होता? तीच मुलगी, तेच दार, तीच चौकट, पुन्हा आणि पुन्हा. ज्याने आयुष्यात रशेस, म्हणजे संकलनाआधीची कच्ची फिल्म, पाहिलेल्या नाहीत त्याला हे पैशाची नासाडी वाटणारच. एकाला सगळं दिसत होतं पण वाचता येत नव्हतं, दुसऱ्याला वाचता येत होतं पण दिसत नव्हतं. शेवटी फिल्म दोन लाख फुटांच्या आसपास गेली. दोन तासांच्या बोलपटाला साधारण अकरा हजार फूट लागते.

१९३१ चा शेवट: पेचाचा क्षण

खर्च ठरल्याच्या दुपटीकडे जात होता. सिंक्लेअर दांपत्य कर्ज काढत होतं, ओळखीच्यांपुढे हात पसरत होतं. मेरी क्रेगची तब्येत ढासळली. सोव्हिएत संस्थांकडून पैसे मिळवण्याची बोलणी झाली आणि फिसकटली.

ऑक्टोबरमध्ये सिंक्लेअरने थेट स्टालिनला पत्र लिहिलं. २१ नोव्हेंबरला आलेल्या तारेचा आशय असा होता: आयझेनस्टाईनने देशातल्या सहकाऱ्यांचा विश्वास गमावला आहे, देशाशी नातं तोडून पळालेला माणूस म्हणून त्याच्याकडे पाहिलं जातं, आणि लवकरच इथे कुणाला त्याच्यात रस उरणार नाही. सिंक्लेअरने उलट पत्र लिहून आयझेनस्टाईनची बाजू घेतली, हे त्याच्यावर टीका करणारे सहसा सांगत नाहीत. पण तार आली ती आलीच. या माणसामागे एक सरकार उभं आहे, अडचण आली तर ते निस्तरेल, हा हिशेब त्या दिवशी संपला.

त्या वेळी शूट व्हायची राहिली होती फक्त ‘सोल्दादेरा’. मेक्सिकोच्या लष्कराने पाचशे सैनिक महिनाभरासाठी द्यायचं कबूल केलं होतं, बंदुका आणि तोफांसह, फुकट. आयझेनस्टाईनने हॉलिवूडमधली मैत्रीण साल्का फिर्टेल हिला जानेवारी १९३२ मध्ये कळवलं त्यानुसार आणखी सात-आठ हजार डॉलर आणि एक महिना पुरला असता.

सिंक्लेअरपुढचे पर्याय तीन. आणखी पैसे घालून शेवटची कथा करू द्यायची. शूटिंग थांबवून आहे त्यातून आयझेनस्टाईनकडून चित्रपट कापून घ्यायचा. किंवा थांबवून फिल्म दुसऱ्याला द्यायची. पहिला पर्याय भावनेने सोपा, पण चौदा महिने ‘आणखी थोडंच’ ऐकलेल्या माणसाकडून त्याची अपेक्षा करणं अवघड. जानेवारीत त्याने शूटिंग बंद करायला सांगितलं. हा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. त्या जागी कुणीही केव्हातरी तोच घेतला असता. कथांचा क्रम मात्र दिग्दर्शकाच्या हातात होता. जी कथा क्रांतीची, जिच्यावर आधीच्या सगळ्यांचा तोल, ती शेवटाला ठेवणं आणि बैलझुंज व हासियेंदावर महिने घालवणं ही चूक त्याच्या खात्यात जाते.

फिल्म अडकली

सिंक्लेअरने खरं नुकसान केलं ते यानंतर.

फेब्रुवारीत आयझेनस्टाईन, तिसे आणि अलेक्सांद्रोव सीमेवर पोचले तर अमेरिकेचा प्रवेश नाकारलेला. महिनाभर ते टेक्सासमधल्या लारेडोच्या पलीकडे, नदीच्या मेक्सिकोकडच्या काठावर अडकून पडले. शेवटी न्यूयॉर्कमार्गे मायदेशी जाण्यापुरता परवाना मिळाला. न्यूयॉर्कमध्ये त्याला आपली फिल्म मोठ्या प्रमाणात पडद्यावर बघायला मिळाली, आणि एप्रिलमध्ये तो बोटीत बसला. फिल्म मागून मॉस्कोला येईल आणि आपण तिथे ती कापू, हा भरवसा त्याला दिलेला होता.

फिल्म आली नाही. सिंक्लेअरचं मन फिरलं. किंब्रोने नोंदवलेल्या तक्रारी आणि अमेरिकेच्या कस्टम्सनी पेटीत पाहिलेली आयझेनस्टाईनची अश्लील रेखाटनं, यांनी त्यात भर घातली. शिवाय गुंतवणूकदारांचे पैसे परत करायचे तर हॉलिवूडमध्येच काहीतरी उभं करावं लागणार होतं. सोल लेसर या निर्मात्याकडे काम गेलं. त्याने मुख्यतः ‘मागेय’मधून ‘थंडर ओव्हर मेक्सिको’ नावाचा चित्रपट केला, तो १९३३ मध्ये लागला. उरलेल्यातून छोटे चित्रपट निघाले. आयझेनस्टाईनच्या चाहत्यांनी अमेरिकेत निषेधाची मोहीम काढली, तिकिटं खपली नाहीत, आणि सिंक्लेअरच्या वाट्याला पैसा कमी आणि शिव्या जास्त आल्या.

मॉस्कोत परतलेला आयझेनस्टाईन काही काळ खचला होता. चित्रपटसंस्थेत शिकवू लागला. १९३५ मध्ये सुरू केलेला ‘बेझिन कुरण’ १९३७ मध्ये वरून आदेश येऊन बंद पडला. १९२९ ते १९३८ या काळात त्याच्या नावावर पूर्ण झालेला एकही मोठा चित्रपट नाही.

फिल्म पुढे न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टकडे गेली. १९५० च्या दशकात जे लेडा याने, जो तरुणपणी मॉस्कोत आयझेनस्टाईनचा विद्यार्थी होता, तिच्यातून अभ्यासासाठी एक लांबलचक संच तयार केला. त्यात त्याने मुद्दाम संकलन केलं नाही. एकाच दृश्याचे टेक एकामागून एक लावले. गुरूने काय निवडलं असतं याचा अंदाज बांधण्यापेक्षा त्याच्यासमोर काय पसरलेलं होतं ते दाखवणं त्याला बरं वाटलं. मला तो सगळ्यात प्रामाणिक अवतार वाटतो. १९७९ मध्ये अलेक्सांद्रोवने आराखड्याबरहुकूम केलेला चित्रपट सुबक आहे, पण त्यात ‘सोल्दादेरा’च्या जागी निवेदन आणि स्थिरचित्रं आहेत, आणि ती पोकळी झाकत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

एक, निगेटिव्ह आणि पॉझिटिव्ह यांची फारकत. संकलक कापतो ती पॉझिटिव्ह प्रत. निगेटिव्ह कपाटात सुरक्षित राहतं आणि सगळं ठरल्यावरच कापलं जातं. म्हणजे निगेटिव्ह सिंक्लेअरकडे पसादेनात तारण म्हणून ठेवून एक पॉझिटिव्ह प्रत मॉस्कोला पाठवता आली असती. गुंतवणूक सिंक्लेअरच्या हातात, काम दिग्दर्शकाच्या हातात. तंत्राच्या बाजूने १९३२ मध्ये यात काही अडचण नव्हती. खर्च होता, आणि तोवर कुणाला कुणावर पै खर्च करायची नव्हती. करारात मात्र दोन्ही एकाच वाक्यात बांधलेली होती.

दोन, लॅब. रशेस आठ-पंधरा दिवसांनी का होईना मेक्सिको सिटीत परत आणून पाहायची सोय केली असती तर फुटांचा आकडा निम्म्यावर आला असता, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण ‘हे झालं, पुढे चला’ असं म्हणायला आधार मिळाला असता.

तीन, प्रत्येक कथा संपली की तिचं कच्चं संकलन. ‘सांदुंगा’ एकटी कापून गुंतवणूकदारांना दाखवली असती तर ते नुसत्या तुकड्यांकडे पाहून घाबरले नसते. आयझेनस्टाईनला हे रुचलं नसतं. त्याला सगळं एकत्र आल्याशिवाय काही दाखवायला आवडत नसे.

चार, देखरेखीचा माणूस. याचं उत्तर पुढच्या एका प्रकल्पात मिळतं. १९३८ मध्ये ‘अलेक्झांडर नेव्हस्की’ सोपवताना मॉस्कोच्या सरकारी स्टुडिओने, मॉसफिल्मने, आयझेनस्टाईनला मोकळं सोडलं नाही. पटकथेला प्योत्र पाव्लेन्को हा जोडीदार दिला आणि सहदिग्दर्शक म्हणून द्मीत्री वासिल्येवला बसवलं. वेळापत्रकाला लागावं हा त्यामागे उघड हेतू होता. अंकुश किंब्रोइतकाच होता. फरक इतकाच की वासिल्येव चित्रपटातला माणूस होता. गोठलेल्या सरोवरावरच्या लढाईसाठी हिवाळ्यापर्यंत थांबायची गरज नाही, हे त्याला कळत होतं. ती लढाई मॉस्कोजवळ ऐन उन्हाळ्यात कृत्रिम बर्फावर चित्रित झाली, चित्रपट मुदतीआधी पूर्ण झाला आणि डिसेंबर १९३८ मध्ये प्रदर्शित झाला.